फोनमधली बाई काय म्हणते

२ ऑगस्ट, शनिवार

वाचनालयातल्या वर्गात आज आमच्या शिक्षिका, चिकगू सियू पेंग यांनी प्रत्येकाला शंभर पानी वही दिली. रोज काय चुकलं ते हिच्यात लिहायचं म्हणे. बाकीच्यांना एक पुरेल. मला दोन द्यायला हव्या होत्या.

वर्ग वेब पेज बनवायला शिकण्याचा. दर शनिवारी सकाळी, सोळा आठवडे, फुकट. पाटीवरचा 'फुकट' हा शब्द वाचून मी नाव घातलं, वेब पेजचं नंतर वाचलं. फॉर्मात 'शिक्षण' असा रकाना होता, तिथे मी 'आहे' असं लिहून मोकळा झालो. सहावीच्या परीक्षेच्या दिवशी मी मामाच्या बोटीवर होतो, हे एवढ्याशा रकान्यात कसं बसवायचं.

पण शेवटी चिकगूंनी जे सांगितलं ते ऐकून मी ताठ बसलो. प्रत्येकाने एका खऱ्या दुकानाचं पान बनवायचं. मालकाने सही करून लिहून द्यायचं की हे पान आमच्या कामाचं आहे. २२ नोव्हेंबरला जॉर्जटाउनच्या एका कंपनीतल्या बाई येणार, पानं बघणार आणि आमच्यातल्या एकाला सहा महिने शिकाऊ म्हणून नेणार. दाखले विचारणार नाहीत. आजपर्यंत दाखला न विचारता मला फक्त फावडं मिळालेलं आहे. ही नोकरी हवी. हे पहिलंच वाक्य मी या वहीत खोडाखोड न करता लिहिलं.

बेट सोडून इकडे मलेशियात येऊन तीन वर्षं होत आली. पामच्या मळ्यात चार महिने, हातमोज्यांच्या कारखान्यात सात, गाड्या धुण्यात तीन, टोफूवाल्याकडे अकरा दिवस. मधले महिने कुठे गेले ते मलाही सांगता येत नाही. पाकचिक बहारोम यांच्या मालिशच्या दुकानात मात्र आठ महिने टिकलो, हा विक्रम. इपोहच्या जुन्या बाजारात, कॉफीच्या दुकानावरचा मजला. मालिश करणारे दोघं, पाकचिक, म्हणजे काका, आणि काक मेलूर, म्हणजे मेलूरताई. दोघंही आंधळे. टॉवेल धुवायचे, लादी पुसायची, तेलाच्या बाटल्या भरायच्या, फोनवर गिऱ्हाइकांच्या वेळा घ्यायच्या, ही माझी कामं. आठ महिन्यांत मी स्वतः त्या पलंगावर एकदाही आडवा झालेलो नाही. ते गिऱ्हाइकांसाठी असतं.

आपल्या दुकानाचं पान मी बनवणार असं पाकचिकना सांगितलं. ते म्हणाले, "बनव. पण आधी बादली उचल वाटेतली."

३ ऑगस्ट, रविवार

बादलीचं लिहायला हवं, कारण ही चुकांची वही आहे.

या दुकानाचे चार नियम आहेत. कुठलीही वस्तू जागेवरून हलवायची नाही, आणि मी लादी पुसून बादली वाटेतच सोडतो. खोलीत शिरताना आपलं नाव आणि काम सांगायचं, म्हणजे 'मासान, बादली घेऊन'. निघताना 'निघालो' म्हणायचं, म्हणजे माणूस भिंतीशी बोलत राहत नाही. आणि दार पूर्ण उघडायचं नाहीतर पूर्ण लावायचं. अर्धं दार सगळ्यात वाईट. हात पुढे केला तर लागत नाही, कपाळाला बरोबर लागतं.

पाकचिकच्या कपाळावर डाव्या बाजूला एक व्रण आहे. तो माझ्या दुसऱ्या आठवड्यातला.

२४ ऑगस्ट, रविवार

पान झालं. तीन आठवड्यांत. बाकीचे अजून ओळी मोजताहेत.

वाचनालयाचा संगणक चांगला दाराएवढा रुंद आहे, त्याच्या मापाने बनवलंय. मागे बांबूचं बन. साईच्या रंगावर सोनेरी अक्षरं. उघडलं की आपोआप बासरी वाजते. नुसत्या हाताच्या पंजाचं एक बटण आहे, ते दाबलं की वेळ ठरवायचा फॉर्म. माझं लिहिणं कच्चं, म्हणून मी एक युक्ती केली. दुकानातल्या पाटीवर सगळं कुणीतरी सुंदर रंगवून ठेवलंय, मालिशचे प्रकार, वेळा, फोन नंबर. मी पाटीचाच फोटो काढून लावून दिला. टंकायची कटकट नाही, चूक व्हायची भीती नाही.

काल वर्गात चिकगू बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सहीसाठी पाकचिकना कधी दाखवतोस?" फार आवडलं असावं.

२५ ऑगस्ट, सोमवार

सोमवारी दुकान बंद असतं. दोघांना समोर बसवून दाखवलं. 'दाखवलं' हा शब्द लिहिताना आत्ता कान गरम झाले.

पाकचिकच्या फोनमध्ये एक बाई आहे. बोट फिरेल तिथे जे असेल ते ती वाचून सांगते, आणि इतक्या वेगाने की पहिले दोन महिने मला वाटायचं फोन बिघडलाय. पाकचिकना आणि काकला सगळं समजतं. तर पाकचिकनी पान उघडलं आणि बासरी सुरू झाली. बासरीखाली ती बाई काहीतरी बोलत होती, बुडणारं माणूस बोलतं तसं. बासरी बंद कशी करायची ते पाकचिकना सापडेना. मलाही सापडेना, कारण ते बटण मी केलंच नव्हतं.

मग वाचनालयात जाऊन बासरी काढून आलो. परत उघडलं. बाई म्हणाली, "चित्र. चित्र. चित्र. बटण. इथे. इथे. इथे. इथे." आणि थांबली.

माझ्या प्रत्येक लिंकवर मी 'इथे' असं लिहिलं होतं. बघणाऱ्याला बाजूचा मजकूर दिसतो. काक मेलूर इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला ती आदिक म्हणते, धाकटा भाऊ. म्हणाली, "आदिक, तुझं दुकान आहे तरी कुठे? इथे. इथे म्हणजे कुठे? इथे."

मी म्हटलं, पण गिऱ्हाइकांना डोळे आहेत ना. पाकचिकनी फोन बाजूला ठेवला.

"दुकान माझं आहे," ते म्हणाले. "माझ्या दुकानावर काय लिहिलंय ते मला दुसऱ्याला विचारावं लागणार असेल, तर ती पाटी काय आणि तुझं पान काय. मी स्वतः, तुला न विचारता, यातून वेळ ठरवू शकलो की सही करीन."

याला काय म्हणावं. गिऱ्हाईक सोडून मालकाला वेळ ठरवायची आहे, त्याच्याच दुकानात.

२७ ऑगस्ट, बुधवार

डोळे असलेल्या गिऱ्हाइकाला दाखवून पाकचिकना गप्प करावं म्हणून अंकल थामना गाठलं. खाणीच्या कचेरीतून निवृत्त झालेत, दर बुधवारी कंबर घेऊन येतात. त्यांच्या फोनवरची अक्षरं चिंचोक्याएवढी मोठी केलेली असतात.

त्यांच्या फोनवर माझ्या बांबूच्या बनातला दीड बांबू दिसला. त्यांनी पान डावीकडे सरकवलं, मग उजवीकडे, मग फोनच आडवा केला, मग मानही आडवी केली. "पोरा, हे दुकान माझ्या फोनात मावत नाही," म्हणाले. पंजाचं बटण उजव्या कडेच्या बाहेर कुठेतरी होतं, पंजाबिंजा दिसलाच नाही. पाटीचा फोटो मात्र सापडला. नंबरावर दाबत राहिले. फोटोतला नंबर, तो कसा लागणार. शेवटी त्यांनी पेन मागितलं, नंबर तळहातावर उतरवला आणि तळहात बघून लावला. दोन हात अंतरावर उभ्या असलेल्या माझ्या खिशात दुकानाचा फोन वाजला.

मी उचलला. दुसरं काय करणार.

"वेळ मिळेल का?" अंकल थामनी माझ्याकडे बघत फोनमध्ये विचारलं.

६ सप्टेंबर, शनिवार

वर्गाला जाणार नव्हतो. जोहोरला पाम मळ्यातला एक दोस्त कोंबड्यांच्या दुकानात आहे, तिथे माणूस हवाय. कोंबड्यांना कुठलं पान वाचायचंय. बॅग अर्धी भरली.

पाकचिक दुकानामागच्या माझ्या खोलीच्या दारात आले, नाव सांगितलं, काम सांगितलं नाही. बॅगेच्या चेनचा आवाज ऐकला असणार. आई पाठवते ते मक्याचे पोहे मी त्यांना दिले होते, त्यांतले उरलेले परत द्यायला आले होते. दगडावर ठेचलेला एकेक दाणा कुरुमकुरुम चावत म्हणाले, तुझ्या आईचा हात भारी आहे, एक दाणा कमीजास्त जाड नाही. मग म्हणाले, "जायचं तर जा. दार तेवढं पूर्ण लाव. अर्धं ठेवून जायची तुझी सवय आहे."

मी दाराकडे बघितलं. पूर्ण उघडं होतं. म्हातारपणी माणूस उगाच काहीतरी बोलतो. पण मग चेन परत लावायचा कंटाळा आला, वर्गाची वेळही झाली होती, गेलो.

१३ सप्टेंबर, शनिवार

चिकगूंना बासरीपासून तळहातापर्यंत सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे जास्त लागलं. त्यांनी माझ्या संगणकाची स्क्रीन बंद केली, कानाला ऐकायचं लावून दिलं आणि म्हणाल्या, आता तुझ्याच पानावर वेळ ठरव. पंधरा मिनिटं मी काळ्या काचेत माझं तोंड बघत बसलो. तेवढ्यात शेजारच्या निवृत्त पोलिसाने पुढच्या सोमवारी दाढी करायची वेळ ठरवली, स्वतःच्याच न्हाव्याच्या पानावर, माऊसने, उगीच मला ऐकू जाईल अशी.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज टॉवेल घेऊन काकच्या खोलीत शिरताना सवयीने म्हटलं, "मासान, टॉवेल घेऊन." आणि दारातच उभा राहिलो.

माझं पंजाचं बटण न बोलता खोलीत शिरतं. कोण आलंय, कशाला आलंय, काही सांगत नाही. माझी चित्रं तोंड शिवून वाटेत उभी आहेत. दिवसातून पन्नास वेळा जे मी स्वतः करतो ते डोक्यात शिरायला मला नऊ महिने लागले. गाढवाला नऊ महिन्यांत सगळे नियम पाठ झाले असते.

"टॉवेल आणलास की दाखवायला आलास?" काकने विचारलं.

४ ऑक्टोबर, शनिवार

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण चुका करण्यात वेळ जात होता.

पाटीचा फोटो पानावरून काढून टाकला, सगळं अक्षर अक्षर टंकलं. टंकताना कळलं की पाटीवरची सकाळची वेळ कधीची जुनी आहे. आपण दहाला उघडतो, पाटी नऊ म्हणते. इतकी वर्षं कुणी पाकचिकना सांगितलं नाही. मीही रोज तिच्याखाली उभा राहून लादी पुसतो. सांगितल्यावर पाकचिक म्हणाले, "म्हणजे नऊला दार वाजवणारे वेडे नव्हते तर."

बटणावर शब्द लिहिले, 'वेळ ठरवा'. 'इथे' सगळे गेले. सोनेरी रंगही गेला. चिकगूंनी पानाचा फोटो काढून मला बाहेर उन्हात नेऊन दाखवला, तेव्हा मलाच माझं नाव दिसेना. आता पांढऱ्यावर काळं. बघताना दुखतं थोडं.

रुंदीचं काम मात्र मला लवकर जमलं. मी प्रत्येक चौकोनाला सांगून ठेवलं होतं की तू एवढ्या मापाचा. चिकगू म्हणाल्या, माप नको सांगू, जागा असेल त्यातला किती भाग घ्यायचा ते सांग, आणि जागा कमी पडली तर खालच्या ओळीत जायला सांग. हातमोज्यांच्या कारखान्यात आम्ही एका खोलीत चौदा जण झोपायचो. कूस बदलायची तर सगळ्यांनी मिळून. पंधरावा आला की कडेचा निमूट पायथ्याशी जायचा. कडेचा बहुतेक मीच असायचो. हे एवढं एकच शिक्षण माझं पूर्ण झालेलं आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

चित्रांना नावं दिली. म्हणजे चित्राच्या पाठीमागे एक वाक्य लिहायचं, ते डोळ्यांना दिसत नाही, फोनमधली बाई वाचते. आधी मी 'चित्र एक', 'चित्र दोन' दिली. काक म्हणाली, तुरुंगातले कैदी आहेत का. मग दुसऱ्यांदा नीट बघून जे दिसलं ते लिहिलं.

काकने तिच्या फोटोवर बोट ठेवलं. बाई तिच्या वेगात म्हणाली, "मेलूर, हिरवा रुमाल बांधलेल्या, हातात तेलाची बाटली, हसताना डाव्या गालाला खळी पडते."

काकने तिला परत वाचायला लावलं. मग हळू वेगात परत. मग म्हणाली, "मला खळी पडते?"

मी म्हटलं, हो, का?

"मला कुणी सांगितलं नाही." तिने गालावर बोट ठेवलं आणि हसून बघितलं. नीट लागेना, कारण मुद्दाम हसलं की खळी पडत नाही. चौतीस वर्षांची आहे ती. जन्मापासून आंधळी. मग कुणाला तरी फोन करायला आत गेली आणि खूप वेळ आतच राहिली. मी काही जास्तीचं लिहिलं की काय या काळजीत होतो. विचारलं तर म्हणाली, एक अक्षर काढलंस तर हात मोडीन.

पाकचिकच्या चित्राला मी कपाळावरच्या व्रणासकट लिहिलं होतं. ते ऐकून म्हणाले, "व्रण पण घातलास?"

"दिसतो म्हणून घातला."

"ठेव," ते म्हणाले. "ज्याने केला त्यानेच लिहिला, बरं झालं."

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज सही होणार अशी माझी खात्री होती. पाकचिक पान उघडून सरसर फॉर्मपर्यंत पोचले, मला वाटेत काही विचारलं नाही. नाव भरलं, वेळ भरली. 'काय दुखतं' या रकान्यात मी यादी दिली होती, मान, पाठ, कंबर, पाय, यातलं निवडा. त्यांनी ती यादी काढायला सांगितली. म्हणाले, लोकांना काय दुखतं ते तू ठरवणार का, मोकळी जागा ठेव, ज्याला जे लिहायचंय ते लिहू दे.

मग त्यांच्या हातून नंबरातला एक आकडा राहिला आणि फॉर्म पुढे जाईना. बाई गप्प. पाकचिक दाबताहेत, बाई गप्प.

मी म्हटलं, "पाकचिक, चुकलंय तिथे लाल झालंय."

"लाल कसं ऐकू येतं?"

 सही झाली नाही. सही १५ नोव्हेंबरच्या आत द्यायची आहे आणि हा माणूस लाल ऐकायच्या गोष्टी करतोय.

आता मला सगळा डाव कळलाय. मी गेलो तर यांचे टॉवेल कोण धुणार? म्हणून खुसपटं काढताहेत. जन्मभर सही करणार नाहीत. मला इथेच, या बादलीशेजारी ठेवणार.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आणखी एक कळलं. मी साबण आणायला गेलो असताना हे दोघं काहीतरी करतात. तेलाच्या बाटल्यांना रबरबँड लावलेत. तिळाला एक, आल्याला दोन, नारळाला एकही नाही. मी असताना रबरबँड कशाला? मी आहे ना सांगायला. आणि आज मी जिन्यात असताना काक मेलूर काठी घेऊन, मी टॉवेल नेतो त्या धोबीघराच्या दिशेने जात होती, मोठ्याने पावलं मोजत. एकशे बारावर थांबली आणि वळली. वर पाकचिक फोनवर कुणाला तरी विचारत होते, सकाळी दोन तास यायला कुणी आहे का, लादी आणि टॉवेल, डिसेंबरपासून.

मी आत शिरलो, नाव सांगितलं, तर फोन लगेच ठेवला.

म्हणजे मला काढणार. एकीकडे सही न करून अडकवायचं आणि दुसरीकडे माणूस शोधून हाकलायचं. या दोघांनी एकदा काय ते ठरवावं, म्हणजे मलाही नीट रागावता येईल.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

चूक झाली की आता लाल तर होतंच, शिवाय वाक्य येतं, 'फोन नंबरात एक आकडा कमी आहे', आणि बाई ते आपणहून वाचते. तीन रात्री नाही, तीन शनिवारही नाही, चार दुपारी लागल्या. रागात काम चांगलं होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

पाकचिकनी मला खाली जायला सांगितलं. "तू खोलीत असलास की तुझा श्वास मला सांगतो कुठे चुकतंय," म्हणाले. "खाली बस. मी हाक मारल्याशिवाय वर यायचं नाही."

खाली कॉफीच्या दुकानात चहा घेऊन बसलो. दुकानाचा फोन टेबलावर, समोर. चहावर साय आली. अंकल थाम शेजारच्या टेबलावर होते, त्यांनी विचारलं कुणी आजारी आहे का.

मग फोन किणकिणला. नाव: बहारोम. वार: मंगळवार. वेळ: चार. काय दुखतं: मान, वीस वर्षांपासून.

मी तो संदेश तीनदा वाचला. हाक येईपर्यंत थांबायचं होतं ते विसरलो, जिना चढताना दोन पायऱ्या गाळल्या. पाकचिक मेजाशी बसून होते, फोन उताणा ठेवलेला.

"मासान. सहीचा कागद घेऊन," मी दारात म्हटलं.

"बोट ठेव कुठे करायची ते."

त्यांनी माझ्या बोटाशेजारी सही केली. अर्धी कागदावर, अर्धी मेजावर. मी कागद उचलला आणि मेज पुसायला फडका घेतला, तर काक म्हणाली, राहू दे ती. मग पाकचिकनी मला ते पत्र वाचून दाखवायला लावलं. एकच ओळ, हे पान आमच्या कामाचं आहे. पाकचिक म्हणाले, परत वाच. म्हातारपणी ऐकायला कमी येत असावं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कंपनीच्या बाई, पुवान नोरिता, सगळ्यांची पानं फोनवर बघत होत्या. एकाची अक्षरं नाचत होती, एकीच्या पानावरच्या केकवर मेणबत्त्या लुकलुकत होत्या. माझं पान बघायला काहीच नव्हतं, पांढऱ्यावर काळं, उंदराच्या बिळासारखं. मी मागे जाऊन बसलो.

मग बाईंनी फोनवरची अक्षरं तिप्पट मोठी केली. केक खोलीबाहेर गेला. फोन आडवा केला. निवृत्त पोलिसाचं पान स्क्रीनच्या कडेवरून पळालं, आणि ते बिचारे हात पुढे करून त्याला धरायला बघत होते. नंतर बाई संगणकाशी बसल्या, माऊस बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि ऐकत नुसत्या कळपट्टीवर प्रत्येकाच्या पानावर वेळ ठरवून बघितली. माझ्यावर ठरली. पण महिना निवडताना वाचणारी बाई दोनदा 'नोव्हेंबर' म्हणाली, ती चूक निघाली. मी वही काढून लिहून घेतली. पुवान नोरितांनी वहीकडे बघितलं. म्हणाल्या, भरत आली की. मी म्हटलं, ही दुसरी आहे.

"हे सगळं तुला कुणी शिकवलं?"

मी म्हणणार होतो चिकगूंनी. तोंडातून निघालं, "बादलीने."

सगळे हसले. माझ्या तोंडाचं काही खरं नाही. गेली नोकरी.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी संदेश आला. लांबलचक, कचेरीच्या भाषेत. मला धड समजेना म्हणून काकच्या फोनमधल्या बाईकडून वाचून घेतला. बाईने तो त्याच वेगात, कांदे-बटाट्याची यादी वाचावी तसा वाचला. ८ डिसेंबरपासून या.

पाकचिक आत अंकल थामची कंबर रगडत होते. मी दारात उभं राहून म्हटलं, "मासान. जॉर्जटाउनला घेतलंय, हे सांगायला."

हात थांबले नाहीत. "बरं," एवढंच म्हणाले. पण त्याच वेळी असं काही दाबलं की अंकल थाम ओरडले, अहो ती कंबर माझी आहे. पाकचिकना काही विशेष वाटलं असं दिसलं नाही. मी "निघालो" म्हटलं, तर म्हणाले, "ऐकलं."

६ डिसेंबर, शनिवार

बॅग पूर्ण भरली. उद्या साडेनऊची बस. आई फोनवर म्हणाली, कचेरीत जातोस तर बूट घे. एक ताई आजपासून सकाळी यायला लागल्या आहेत. त्यांनी लादी पुसून बादली वाटेत ठेवली, मी उचलली, त्यांना चारही नियम सांगितले. त्या म्हणाल्या, हे सगळं मला पाकचिकनी नोव्हेंबरातच सांगितलंय. म्हणजे कंपनीच्या आधीच माणूस ठरवून ठेवलं होतं. बघा, मी म्हणत नव्हतो? मला काढायचंच होतं.

दुकानाचा फोन आता काककडे आहे. पण आत्ता, आत पाकचिकच्या फोनमधली बाई बोलायची थांबली तोच, माझ्या स्वतःच्या फोनवर पानावरचा एक संदेश आला. करून बघायला घातलेला माझा नंबर फॉर्ममधून काढायचा राहिला, ही चूक लिहून ठेवतो.

नाव: मासान. वार: रविवार. वेळ: सकाळी आठ. मालिश करणार: बहारोम. काय दुखतं: बादली वाटेत ठेवतो.

मोकळ्या रकान्यात लोक काय वाट्टेल ते लिहितात, मी तेव्हाच म्हटलं होतं. बादली तर मी ऑगस्टनंतर एकदाही वाटेत ठेवलेली नाही. तरी जाऊन बघून आलो. मोरीत, खिळ्याखाली, जागेवर आहे. वाट अगदी मोकळी आहे.

मग दुखतंय कुणाला, ते काही कळलं नाही. आठला आत जाताना विचारतो.